हायड्रोजन-अल्फा रेषेत पाणी कुठं मुरतंय? तबकडीवाल्या जोडताऱ्यांचे वर्णपट दर वेळी वेगळे येतात तेव्हा

परतीचा पाऊस उरकून कोल्हापुरावरचं आकाश उघडलं की मला ठरलेला मेसेज येतो. एकाच ताऱ्याचे दोन वर्णपट एकमेकांवर ठेवलेले, एक निळ्या रेघेनं काढलेला, एक लाल, आणि खाली प्रश्न: "दादा, मागच्या आठवड्यात तांबड्या बाजूचं शिखर उंच होतं, आता बसलंय. तबकडी बदलली म्हणायची का?" तारा बहुतेक वेळा वृषभेच्या शिंगाच्या टोकावरचा झीटा टॉरी, नाहीतर अभिजितशेजारचा बीटा लायरी. उन्हाळ्यात हाच प्रश्न अनुराधा नक्षत्रातल्या डेल्टा स्कॉर्पीवरून येतो.

प्रश्न खुळा नाही. या ताऱ्यांभोवतीच्या वायूच्या तबकड्या खरंच बदलतात. तबकडीची एक बाजू आपल्याकडे येत असते, दुसरी लांब जात असते, म्हणून हायड्रोजन-अल्फा या हायड्रोजनच्या तांबड्या उजळ रेषेला दोन शिखरं येतात, एक जांभळ्या बाजूला आणि एक तांबड्या. डेल्टा स्कॉर्पीला २००० सालापर्यंत कुणी फारसं विचारत नव्हतं. त्या वर्षी तो नुसत्या डोळ्यांना कळेल इतका उजळला आणि त्याच्या हायड्रोजनच्या रेषांनी जोरदार उत्सर्जन दाखवायला सुरुवात केली. त्याचा जोडीदार जवळपास पावणेअकरा वर्षांनी एकदा अगदी लगत येऊन जातो, आणि २००० हे तसंच वर्ष होतं. पण प्रत्येक नव्या निरीक्षकाला पहिल्याच हंगामात तबकडी बदललेली सापडायला लागली, तर संशय आधी ताऱ्यावर घ्यायचा नसतो.

झीटा टॉरीचंच बघा. त्याची जोडीदाराबरोबरची फेरी सुमारे १३३ दिवसांची. जांभळं आणि तांबडं शिखर आळीपाळीनं वरचढ होण्याचं जे चक्र १९९७ नंतरच्या दशकात दिसलं, ते तर एका आवर्तनाला जवळपास चार वर्षं घेणारं होतं. तेव्हा आठवड्यात शिखर बसलं, तर ते ताऱ्यानं बसवलं असण्याची शक्यता कमीच. बीटा लायरीचं नेमकं उलट. त्याची फेरी १२.९४ दिवसांची, म्हणजे आठवड्यात तो कक्षेच्या पार पलीकडच्या अंगाला पोचलेला असतो. तिथं वर्णपट बदलला नाही तरच काळजी करायची. दोघांना एकच औषध चालत नाही, म्हणून खालचा मजकूर थोडा लांबला आहे.

हे सगळं स्लिट (प्रकाश आत घेणारी अरुंद फट) असलेल्या आणि दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त विभेदन देणाऱ्या, म्हणजे अगदी जवळच्या तरंगलांबीही वेगळ्या दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोग्राफसाठी आहे. एलहायरेस-३ असेल, किंवा ख्रिस्तियाँ ब्वील यांच्या आराखड्यावरून थ्रीडी प्रिंट करून घेतलेला स्टार-एक्स असेल. कॅमेऱ्यापुढे लावायची स्टार अ‍ॅनालायझर १०० ही ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची काच) वापरत असाल, तर तिचं विभेदन शंभर-दीडशेच्या घरात असतं आणि सेकंदाला दोन-तीन हजार किलोमीटरच्या आतला फरक तिला ओळखता येत नाही. बीटा लायरीची हायड्रोजन-अल्फा उजळ आहे एवढं तिच्यावर दिसतं, आणि ते बघायला मजाही येते. शिखरांची तुलना मात्र तिच्यावर करू नका.

पहिला प्रश्न: जागेवर काय आहे?

एक आकडा पाठ करून टाका. हायड्रोजन-अल्फापाशी एक अँगस्ट्रॉमचं (तरंगलांबी मोजायचं एकक) सरकणं म्हणजे सेकंदाला ४५.७ किलोमीटरचा वेग. यापुढचे सगळे हिशेब यावरच चालतात.

वर्णपटातल्या प्रत्येक खुणेला तीनपैकी एक मालक असतो. खूण हवेची असेल, तर निऑन दिव्यावरून मोजलेल्या तरंगलांबीत ती कायम एकाच ठिकाणी बसते, तारा कुठलाही असो, महिना कुठलाही असो. यंत्राची असेल, तर ती कॅमेऱ्याच्या त्याच पिक्सेलवर बसते, मग ग्रेटिंग थोडी फिरवली तरी. ताऱ्याची असेल, तर पृथ्वीच्या वेगाची दुरुस्ती केल्यावर ती जागेवर येते, नाहीतर जोडताऱ्याच्या फेरीच्या तालावर हलते. एसटीच्या खिडकीच्या काचेवरचा चरा आणि बाहेरचं झाड यांतला फरक गाडी हलली की कळतो. इथं गाडी म्हणजे आपली पृथ्वी.

अडचण अशी, की बहुतेक सॉफ्टवेअर वर्णपट हातात देतं तेच ही दुरुस्ती करून. मग हवेच्या रेषा, ज्या मुळात हललेल्याच नसतात, त्या दर महिन्याला वेगळ्या जागी दिसायला लागतात आणि ताऱ्याच्या रेषेवरून सरपटत जाताना तिचा आकार बिघडवतात. म्हणून प्रत्येक वर्णपटाच्या तीन प्रती ठेवा: पिक्सेलमधली, दिव्याच्या तरंगलांबीतली पण दुरुस्ती न केलेली, आणि सूर्यकेंद्री, म्हणजे पृथ्वीच्या वेगाची दुरुस्ती केलेली. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत पहिल्या दोन प्रती जवळपास कधीच नसतात, आणि उत्तर त्यांच्यातच असतं.

हवेतलं पाणी

हायड्रोजन-अल्फा ६५६२.८ अँगस्ट्रॉमला. तिच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या वाफेच्या बारीक शोषण रेषा दाटीवाटीनं आहेत: ६५४३.९, ६५४८.६, ६५५२.६, ६५५७.२, ६५६४.२, ६५७२.१, ६५७४.८. यांपैकी ६५६४.२ ची रेषा अगदी उत्सर्जनाच्या अंगातच शिरलेली असते. ती खोल झाली की एका शिखराच्या उतारातून चिमटाभर प्रकाश कमी होतो आणि जांभळ्या-तांबड्या शिखरांचं गुणोत्तर बदलतं. ताऱ्यानं काहीही केलेलं नसतं.

झीटा टॉरी क्रांतिवृत्ताच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे पृथ्वीचा सेकंदाला तीसेक किलोमीटरचा वेग त्याच्या बाबतीत जवळजवळ पुरा लागू होतो. डिसेंबरच्या मध्याला तो सूर्याच्या बरोबर समोर असतो. त्याआधी, ऑक्टोबरच्या मध्याला रात्री उशिरा तो वर येतो तेव्हा आपण त्याच्याकडे सेकंदाला सुमारे २६ किलोमीटरनं जात असतो. फेब्रुवारीच्या मध्याला तेवढ्याच वेगानं त्याच्यापासून लांब जात असतो. दोन्ही मिळून फरक ५२ किलोमीटरचा, म्हणजे १.१ अँगस्ट्रॉमपेक्षा थोडा जास्त. सूर्यकेंद्री प्रतीत ऑक्टोबरात ६५६४.२ ची रेषा ज्या जागी तांबड्या शिखराच्या आतल्या उतारावर बसली होती, तिथून ती फेब्रुवारीपर्यंत मधल्या खाचेच्या दिशेनं सरकलेली असते. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीला "तांबडं शिखर कापलं गेलंय" आणि शेवटी "मधली खाच खोल झालीय" अशी जोडीनं तक्रार येते. तारीख बघितली तरी उत्तर अर्धं सापडतं.

त्यात आपलं कोल्हापूर. पश्चिमेकडून घाट चढून येणारी हवा ऑक्टोबरातही बऱ्यापैकी ओली असते, आणि मे महिन्यात तर विचारूच नका. इथं एक गैरसमज पक्का बसलेला आहे, तो म्हणजे गच्चीवरचा हायग्रोमीटर बघून रात्र कोरडी की ओली हे ठरवणं. डिसेंबरातल्या पहाटे पंचगंगेकाठी धुकं असतं, हायग्रोमीटर शंभरीला टेकलेला असतो, तरी वर्णपटात पाण्याच्या रेषा बेताच्याच निघतात. मे महिन्यात संध्याकाळी तोच हायग्रोमीटर निम्मा आकडा दाखवतो आणि रेषा मात्र खोल. कारण थंड हवेत मुळात वाफ कमी मावते, त्यामुळे थोडक्या वाफेनंही टक्केवारी चढते. शिवाय रेषा उमटते ती दुर्बिणीपासून ताऱ्याच्या दिशेनं वर गेलेल्या सगळ्या हवेतल्या वाफेनं, गच्चीवरच्या वीतभर थरानं नव्हे. काही बघायचंच असेल तर दवबिंदूचं तापमान बघा. त्याहून चांगलं म्हणजे ६५४३.९ ची रेषा बघा. ती उत्सर्जनापासून लांब, मोकळ्या जागेत आहे, आणि हवेचा खरा हिशेब तीच सांगते.

धुराची गोष्ट वेगळी. साखर हंगामात शिवारात पाचट पेटतं, गुऱ्हाळं चालू असतात, आणि क्षितिजाजवळचे तारे मळकट होतात. त्यामुळे प्रकाश कमी मिळतो, एक्स्पोजर वाढवावं लागतं, पण धूर अशा बारीक रेषा उमटवत नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या वेळी, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, किरणं मूर्तीपर्यंत पोचली नाहीत की धूळ, ढग आणि बाष्प यांची चर्चा गावभर होते. तिथं प्रश्न प्रकाश किती उरला याचा असतो. आपल्याला त्या प्रकाशात कुठली तरंगलांबी खाल्ली गेली याच्याशी कर्तव्य, तेव्हा ढगाळ वाटणाऱ्या रात्रीपेक्षा स्वच्छ पण ओली रात्र जास्त फसवते.

उपाय जुनाच आहे. त्याच रात्री, शक्यतो तेवढ्याच उंचीवर असलेल्या, भन्नाट वेगानं स्वतःभोवती फिरणाऱ्या उष्ण ताऱ्याचा वर्णपट घ्यायचा. अशा ताऱ्याच्या स्वतःच्या रेषा फिरण्यामुळे फासटलेल्या असतात, म्हणून हवेच्या बारीक रेषा त्याच्यावर स्वच्छ उठून दिसतात. शरद ऋतूत श्रवण बरा. त्याचा विषुववृत्ताकडचा वेग आपल्याला सेकंदाला २४० किलोमीटरच्या आसपास दिसतो. हिवाळा-उन्हाळ्यात मघा, जिचा वेग ३०० च्याही वर जातो. या ताऱ्याच्या वर्णपटावरून फक्त हवेच्या रेषा वेगळ्या काढायच्या, उंचीतल्या फरकाप्रमाणे त्यांची खोली कमी-जास्त करायची आणि आपल्या ताऱ्याच्या वर्णपटाला त्यांनी भागायचं. ब्वील यांच्याच आयसिस सॉफ्टवेअरमध्ये पाण्याच्या रेषांचा तयार नमुना वापरूनही हे जमतं. भागाकार दुरुस्ती न केलेल्या प्रतीवर करायचा, सूर्यकेंद्री प्रतीवर नाही. हे उलट झालं तर खड्डा एका जागी बुजतो आणि शेजारी नवा टेकाड उगवतो.

भागाकार नीट झाला की नाही हे ६५६४.२ कडे बघून ठरवू नका, तिथं ताऱ्याचाच चढउतार असतो. ६५४३.९, ६५४८.६ आणि पलीकडची ६५७४.८ या तिघी सपाट झाल्या, तर मधलीही गेली असं धरायला हरकत नाही.

आणि या रेषांना नुसतं हाकलून देऊ नका. त्यांच्या जागा कायम ठरलेल्या असल्यामुळे तरंगलांबीचं माप तपासायला त्यांच्याइतका स्वस्त साक्षीदार नाही. दिव्यावरून माप लावल्यावर ६५४३.९ ची रेषा ६५४४.२ ला दिसत असेल, तर तुमच्या सगळ्याच वेगांत १४ किलोमीटरची खोट आहे.

दिवा, टेस्टर आणि उद्यमनगर

मापासाठी निऑन लागतो. महागडा दिवा नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातला जुन्या पद्धतीचा टेस्टर किंवा बोर्डावरचा लाल इंडिकेटर यांत खराखुरा निऑनच असतो. नवे इंडिकेटर एलईडीचे येतात, ते उपयोगाचे नाहीत. दव पडलेल्या गच्चीवर २३० व्होल्टची उघडी वायर घेऊन प्रयोग करायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. जाणकाराकडून नीट बंद डबीत बसवून घ्या. ६५०६.५, ६५३२.९, ६५९८.९ आणि ६६७८.३ या रेषा मिळाल्या की हायड्रोजन-अल्फा मधोमध येते आणि माप घट्ट बसतं.

यातल्या शेवटच्या रेषेशी एक गंमत जोडलेली आहे. हेलियमची रेषा ६६७८.१५ ला, निऑनची ६६७८.२८ ला. दिवा चुकून चालू राहिला किंवा डबीतून उजेड झिरपला, तर तबकडीत अचानक "हेलियमचं उत्सर्जन" उगवतं, तेही अगदी बारीक आणि टोकदार. बीटा लायरीत ही हेलियम रेषा खरोखरच उत्सर्जन दाखवते, त्यामुळे शंकाही येत नाही. अशा वेळी ६५९८.९ ला बघा. तिथंही छोटासा काटा असेल तर तो तारा नव्हे, टेस्टर आहे.

दिव्याचा फोटो संध्याकाळी एकदा काढून रात्रभर तोच वापरायचा, ही सवय सगळ्यांत जास्त घोळ घालते. दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे कलली की खाली लटकलेला स्पेक्ट्रोग्राफ वजनानं वाकतो, थोडासाच, पण पिक्सेलमागे ०.१ अँगस्ट्रॉम धरला तर एक पिक्सेल म्हणजे साडेचार किलोमीटर. म्हणून प्रत्येक ताऱ्याच्या आधी आणि नंतर, दुर्बीण त्याच ताऱ्यावर असताना दिवा घ्यायचा. आधीचा आणि नंतरचा जुळला नाही तर मधल्या सगळ्या वेगांवर तेवढी शंका लिहून ठेवायची. थ्रीडी प्रिंटचं अंग पीएलए प्लॅस्टिकचं असेल तर उन्हाळ्यात ते गाडीत ठेवून पन्हाळ्याला नेऊ नका. साठ अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं आणि बंद गाडीत तेवढं तापायला एक दुपार पुरते. आपल्याकडे उद्यमनगरची लेथ-वर्कशॉपं असताना प्लॅस्टिकवर अडून राहायचं कारणही नाही. ग्रेटिंगचा पाया आणि दुर्बिणीला जोडणारी रिंग अॅल्युमिनियमची करून घेतली की निम्मा झोल तिथंच संपतो. फक्त लेथवाल्याला आतली बाजू काळी हवी हे आधी सांगा, नाहीतर तो कौतुकानं चकचकीत पॉलिश करून देतो.

स्लिटबद्दल एवढंच, की हवा शांत असेल आणि ताऱ्याचं बिंब स्लिटपेक्षा बारीक पडत असेल, तर तारा स्लिटच्या डाव्या कडेला आहे की उजव्या यावरूनसुद्धा रेषा सरकते. गायडिंग (तारा स्लिटवर धरून ठेवणं) सैल असलं तर हा सरकता वेग हुबेहूब ताऱ्याच्या वेगासारखा दिसतो. स्लिट अरुंद करा, प्रकाश थोडा गेला तर जाऊ दे.

शिखर सपाट दिसत असेल तर ते जळलंय. कच्च्या फोटोत सर्वांत उजळ पिक्सेलचा आकडा बघा आणि कमाल मर्यादेच्या तीन चतुर्थांशापर्यंत थांबा. झीटा टॉरीसारख्या तिसऱ्या प्रतीच्या ताऱ्यावर आजूबाजूचा पट्टा छान भरेपर्यंत उत्सर्जनाचं टोक केव्हाच भरून गेलेलं असतं.

सूर्य मावळताना एक परीक्षा

निरीक्षणाच्या दिवशी अंधार पडायच्या आधी दुर्बीण सूर्यापासून दूरच्या निळ्या आकाशाकडे करा आणि वर्णपट घ्या. हा सूर्याचाच उजेड. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधला वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आतच राहतो, म्हणजे इथं दुरुस्तीची भानगड नाही. हायड्रोजन-अल्फा ६५६२.८ ला, लोखंडाच्या रेषा ६५४६.२, ६५६९.२ आणि ६५९२.९ ला मिळाल्या पाहिजेत. मिळाल्या नाहीत तर रात्री जागण्यात अर्थ नाही, माप आधी दुरुस्त करा. मिळाल्या आणि तरीही रात्री ताऱ्याची रेषा भलतीकडे गेली, तर दोष वाकण्यात, स्लिटमध्ये किंवा सूर्यकेंद्री दुरुस्तीच्या चिन्हात आहे. अधिक-उणे उलट पडलं तर झीटा टॉरीवर चूक दुप्पट होते, साठ किलोमीटरपर्यंत. बीटा लायरी क्रांतिवृत्तापासून खूप उत्तरेला असल्यानं तिथं पृथ्वीचा वेग निम्म्याहून थोडाच जास्त लागू होतो आणि ही चूक सहज नजरेतून निसटते.

बीटा लायरीचं वेगळं दुखणं

या ताऱ्याची तेजस्विता बदलते हे जॉन गुडरिकनं १७८४ मध्ये सांगितलं, आणि त्याच्या वर्णपटातल्या उजळ रेषा अँजेलो सेकी यांनी १८६६ मध्ये पाहिल्या. तेव्हापासून त्यानं भल्याभल्यांना गुंगवलं आहे. सुमारे तीन सूर्यांच्या वस्तुमानाचा तारा फुगून आपलं वायूचं अंग शेजारच्या, सुमारे तेरा सूर्यांच्या ताऱ्यावर ओततो आहे. तो जड तारा त्या वायूच्या जाड तबकडीत बुडालेला, म्हणून आपल्याला दिसतो तो मुख्यतः हलका तारा.

इथली पहिली चूक म्हणजे हायड्रोजन-अल्फा सरकली म्हणजे तारा सरकला असं धरणं. ती उजळ रेषा तबकडीतून आणि कक्षेच्या वर-खाली फेकल्या गेलेल्या वायूतून येते, आणि तिचं वागणं ताऱ्याच्या वेगाशी सरळ जुळत नाही. दिसणाऱ्या ताऱ्याचा वेग हवा असेल तर सिलिकॉनच्या ६३४७.१ आणि ६३७१.४ या शोषण रेषा धरा. त्या सेकंदाला सुमारे १८५ किलोमीटर इकडे आणि तेवढ्याच तिकडे झुलतात, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास आठ अँगस्ट्रॉम. एवढा झोका वाकलेल्या स्पेक्ट्रोग्राफलाही लपवता येत नाही. लहान सेन्सरवर सिलिकॉन आणि हायड्रोजन-अल्फा एका चौकटीत मावत नाहीत. मग ग्रेटिंग फिरवून दोन वेगळे फोटो घ्या, आणि प्रत्येकासाठी दिवाही वेगळा.

दिशा तपासायची सोपी खूण आहे. मुख्य ग्रहणाची, म्हणजे तबकडी दिसणाऱ्या ताऱ्याला झाकते ती वेळ शून्य कला (फेरीची सुरुवात) धरली, तर ०.२५ कलेला सिलिकॉनच्या रेषा जांभळ्याकडे आणि ०.७५ ला तांबड्याकडे गेलेल्या हव्यात. उलट दिसलं तर कलेचा हिशेब अर्ध्या फेरीनं चुकला आहे, किंवा वर्णपट आरशातून आल्यासारखा उलटा वाचला जातोय.

दुसरी चूक कॅलेंडरची. नोकरीवाले लोक शनिवारीच दुर्बीण काढतात. सात दिवसांत बीटा लायरी ०.५४ फेरी करतो, चौदा दिवसांत १.०८. त्यामुळे शनिवार ते शनिवार रेषा एकदा इकडे, एकदा तिकडे अशी उडी मारताना दिसते आणि एक आड एक शनिवार जवळजवळ सारखेच निघतात. त्यावरून "दोन आठवड्यांचं आवर्तन सापडलं" असा निष्कर्ष काढलेला आलेख माझ्याकडे आला होता. चांगला काढला होता, वेळ आणि तारखा व्यवस्थित लिहिलेल्या होत्या, म्हणूनच दोष लगेच सापडला. आठवड्याच्या मधे एखादा बुधवार घुसवला की हे भूत उतरतं.

तिसरी, जुनं कोष्टक. या जोडीची फेरी दर वर्षी सुमारे १९ सेकंदांनी लांबते आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण वर्षात अठ्ठावीस फेऱ्या आणि प्रत्येक फेरी आधीचीपेक्षा लांब, असा हिशेब साठत जातो. वीस वर्षांपूर्वीची ग्रहणाची वेळ आणि तेव्हाचाच फेरीचा काळ घेऊन सरळ गुणाकार केला, तर आज सुमारे तीस तासांची चूक निघते. वाढ धरलेलं सूत्र वापरा, किंवा अलीकडची मोजलेली ग्रहणाची वेळ घ्या. कोल्हापूरकरांना हे जास्तच सांभाळायला हवं, कारण स्वरमंडळ, म्हणजे बीटा लायरीचा तारकासमूह, संध्याकाळी डोक्यावर येतं ते ऐन पावसाळ्यात. आपल्याला उन्हाळ्यातल्या पहाटा मिळतात आणि मग एकदम ऑक्टोबरपासूनच्या संध्याकाळी. मधली फट आपली आपल्याला जोडता येत नाही, ती सूत्रावरच जोडावी लागते.

आणि घड्याळ. लॅपटॉप भारतीय वेळेवर, सॉफ्टवेअर मात्र ती वेळ जागतिक धरतं. साडेपाच तासांत सिलिकॉनची रेषा, वेग सर्वांत झपाट्यानं बदलत असताना, सेकंदाला वीस किलोमीटरपर्यंत सरकते. फाइलच्या शीर्षकात वेळ कुठली आहे ते उघडून वाचा. रात्री बारानंतर तारीख बदललेली आहे का तेही बघा.

हे सगळं पार करूनही बदल उरला तर

मग तो बदल तुमचा आहे, आणि त्याची किंमत आहे. झीटा टॉरी किंवा डेल्टा स्कॉर्पी असेल तर पॅरिस वेधशाळेच्या बेस संग्रहात वर्णपट देता येतो. तिथं हौशी लोकांचे वर्णपट तपासून घेतात आणि व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ ते वापरतात. तिथं देण्याआधी लागोपाठच्या रात्री दोन-तीन वर्णपट जोडा. खरा बदल एका रात्रीत उगवून दुसऱ्या रात्री गायब होत नाही. जोडीनं उत्सर्जनाची समतुल्य रुंदीही (रेषेतल्या एकूण जादा प्रकाशाचं माप) मोजा, पण दर वेळी पाया, म्हणजे रेषेबाहेरच्या प्रकाशाची पातळी, त्याच दोन तुकड्यांवर टेकवून, उत्सर्जनाच्या पंखांपासून लांब. पाया हलला की रुंदी हलते, आणि मग तबकडी फुगली-आकसली असं वाटायला लागतं.

मला विचारायचं असेल तर स्क्रीनशॉट पाठवू नका. कच्चा फोटो, आधीचा आणि नंतरचा दिवा, त्या रात्रीचा श्रवण किंवा मघा, आणि दुरुस्ती न केलेली प्रत एवढं पाठवा, ताऱ्याची उंची आणि जागतिक वेळ लिहून. मी ६५४३.९ ला बघून सांगतो.